तिसरी दिनदर्शिका
कॅथलिक घरांतले संतांचे सण आणि मारियाभक्ती : एका अभ्यासाची प्रस्तावना

ठाण्यातल्या किंवा कल्याण-डोंबिवलीतल्या कॅथलिक घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर बहुधा दोन दिनदर्शिका शेजारी शेजारी लटकत असतात. एक ‘कालनिर्णय’. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि गणपतीच्या सुट्ट्या तिच्यावर पाहायच्या. दुसरी चर्चमधून आणलेली. तिच्यावर जवळजवळ रोज कुणा ना कुणा संताचं नाव असतं, आणि मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळी धर्मगुरूंचा झगा त्या दिवशी कोणत्या रंगाचा असेल तेही कळतं. मात्र घर चालतं ते तिसऱ्याच दिनदर्शिकेवर, आणि ती कुठे छापलेली नसते. नातवाला कोणत्या संताचं नाव ठेवलं आणि म्हणून त्याचा सण कधी, आजीनं कोणत्या दुखण्यात किती बुधवार माहीमला जायचं कबूल केलं होतं, मे महिन्यात गल्लीतल्या क्रुसाजवळच्या प्रार्थनेला चणे उकडायची पाळी कोणाची, आठ सप्टेंबरला ताटात मासे चालतात की नाही, हे सगळं त्या तिसऱ्या दिनदर्शिकेत असतं. ती घरातल्या दोन-तीन माणसांना पाठ असते. बाकीचे त्यांना विचारून चालतात.

ही तिसरी दिनदर्शिका हाच या अभ्यासाचा विषय आहे. चर्चचा इतिहास बराच लिहिला गेला. इमारती, धर्मप्रांत, मिशनरी आणि त्यांच्या शाळा यांची नोंद झाली. पण कुटुंबानं संताचा सण घरी कसा साजरा केला, जपमाळ कुठल्या भाषेत म्हटली, सण संपल्यावर काय मागे ठेवलं, याकडे आपण फार उशिरा वळलो आहोत. या दारातून आत येणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. तो कॅथलिक असो, शेजारी असो किंवा केवळ जिज्ञासू. त्याचं इथे मनापासून स्वागत आहे.

सुरुवात जुन्या काळापासून करू, कारण या परिसरात घर आणि श्रद्धा यांची गाठ फार आधीची आहे. सहाव्या शतकात कोस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या ग्रीक लेखकानं ‘कल्लिआना’ या बंदराचा उल्लेख केला आणि तिथे पर्शियाहून नेमला जाणारा बिशप असल्याचं नोंदवलं. बहुतेक अभ्यासक हे आपलं कल्याण मानतात. त्यानंतर आठशे वर्षांनी ठाण्याचं नाव येतं. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी इथे उतरले : तोलेंतिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. एप्रिल महिन्यात या चौघांचा ठाण्यात वध झाला. त्यांच्याबरोबर आलेले डोमिनिकन साधू जॉर्डानस त्या दिवसांत गुजरातच्या वाटेवर होते म्हणून वाचले. थोड्याच वर्षांत पोर्देनोनेचा ओदोरिक हा प्रवासी ठाण्यात आला, त्यानं हुतात्म्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या आणि परत गेल्यावर ही हकीकत सांगून ठेवली. थॉमसला १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी धन्यवादितांमध्ये, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, अधिकृत स्थान दिलं. त्याचा स्मरणदिन ९ एप्रिल.

ओदोरिकच्या हकिकतीतले दोन तपशील मला या अभ्यासाचा पाया वाटतात. ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं आहेत, असं तो सांगतो. माणसं किती, देवळं किती हे त्यानं मोजलं नाही. मोजली ती घरं. दुसरा तपशील असा की हे संन्यासी अशाच एका घरी उतरले होते. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्यानं बायकोला मारलं, ती काझीकडे दाद मागायला गेली, साक्षीदार म्हणून संन्याशांचं नाव निघालं, आणि तिथून धर्मचर्चा होऊन प्रकरण त्यांच्या वधापर्यंत गेलं. ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासातला हा पहिला मोठा प्रसंग एका घरातल्या दुखऱ्या गोष्टीतून उगम पावतो, आणि न्याय मागणारी ती बाई त्यात निनावी राहते. घराघरातल्या भक्तीचा अभ्यास करणाऱ्यानं तिला विसरू नये. घर म्हटलं की केवळ मेणबत्त्या आणि गोडधोड नसतं, हे तिच्यामुळे लक्षात राहतं.

पुढे १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि साष्टी-ठाण्यात चर्चेस उभी राहिली. मासुंदा तलावाजवळचं संत योहान बाप्तिस्ता यांचं चर्च त्या काळाशी नातं सांगतं. संतांच्या कथा लोकांच्या भाषेत याव्यात म्हणून याच युगात मोठी खटपट झाली. इंग्लंडहून आलेले येशूसंघीय थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. १६५५ साली अंतोनियो द साल्दान्य यांचं संत अंतोनीचं चरित्र आलं. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून आजही अनेक घरांत ज्याला हाक घातली जाते, तोच हा संत. आपल्या भागानं एक संतही दिला. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळालं.

मराठ्यांनी १७३७ साली ठाणं आणि १७३९ साली वसई घेतली. बहुतेक युरोपीय धर्मगुरू निघून गेले. जे स्थानिक धर्मगुरू उरले त्यांच्यावर अनेक गावांचा भार पडला. अशा काळात श्रद्धा टिकते ती संध्याकाळच्या जपमाळेवर, मृत्युशय्येजवळ म्हटलेल्या प्रार्थनेवर आणि आईनं मुलाच्या कपाळावर काढलेल्या क्रुसाच्या खुणेवर. याचे कागद फार नाहीत, पण समाज टिकला हाच त्याचा मोठा पुरावा आहे. पुढे हा मूळचा समाज स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवू लागला; १८८७ साली त्या नावाची संघटनाही स्थापन झाली. १८९६ साली प्लेगची साथ आली तेव्हा मुंबई-साष्टीच्या गावठाणांत गल्लोगल्ली क्रूस उभे राहिले. घाबरलेल्या कुटुंबांनी एकत्र येऊन बांधलेली ही उघड्यावरची वेदी. मे महिन्यात तिथे फुलं वाहून, मेणबत्त्या लावून मारियेची स्तुतिमाला म्हणतात, ज्याला कोकणीभाषक ‘लदीन’ म्हणतात, आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात.

रेल्वे तर प्लेगच्याही आधी आली होती. १८५३ साली गाडी ठाण्यापर्यंत धावली आणि १८५४ साली कल्याणपर्यंत. रेल्वेनं, पुढे वागळे इस्टेटनं आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीनं माणसं आणली : गोव्याची, मंगळूरची, केरळची, तामिळनाडूची, आणि ज्या भागातून १९०३ साली ‘निरोप्या’ हे कॅथलिक मासिक निघालं त्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) खेड्यांतली मराठी कॅथलिक कुटुंबंही. प्रत्येकानं गावाकडून आपापली तिसरी दिनदर्शिका बरोबर आणली. चाळीच्या एका खोलीत, कपाटावर ठेवलेल्या मूर्तीपुढे, ती नव्यानं उलगडली गेली. या शहरांतल्या नव्या वस्त्यांत अनेकदा शेजाऱ्यांची जपमाळ आधी जमली आणि चर्चची इमारत मागून आली, असं जुनी माणसं सांगतात. हे वस्तीवस्तीनं तपासून पाहणं हे आपलं एक महत्त्वाचं काम आहे.

चर्च झाली तेव्हा त्यांना दिलेली नावंही बोलकी आहेत. कल्याणला लूर्ड्सची माता, अंबरनाथला फातिमाची माता, डोंबिवलीला बाळ येशू. लूर्ड्सला १८५८ साली मारियेचं दर्शन झालं ते बर्नादेत नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला. फातिमाला १९१७ साली ते तीन गुराखी मुलांना झालं. कामगारांच्या नव्या वस्त्यांनी आपल्या देवळांसाठी ज्या नावांची निवड केली त्यांत लहान मुलं आहेत. कुटुंबाच्या भक्तीत मुलांना इतकं जवळचं स्थान का, याचा एक धागा इथे सापडेल असं मला वाटतं. जपमाळेतला एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा भाग, म्हणायला सगळ्यात धाकट्याला पुढे बसवतात आणि तो अडखळला तर कुणी रागावत नाही. हीच मुलं फेब्रुवारीत आईबापांबरोबर रेल्वेनं नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जातात.

या सगळ्या प्रवाहांचा संगम पाहायचा असेल तर आठ सप्टेंबर हा दिवस पाहावा. मारियेच्या जन्माचा हा सण जगभरच्या कॅथलिक दिनदर्शिकेत आहे. आपल्याकडे एका इमारतीतल्या पाच मजल्यांवर तो पाच तऱ्हांनी येतो. ईस्ट इंडियन घराला बांद्र्याच्या डोंगरावरची मतमाउली दिसते. आठ तारखेनंतरच्या रविवारी जत्रा भरते, घरची मंडळी लोकलनं बांद्र्याला उतरतात आणि मेणाच्या वस्तू घेऊन चढण चढतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, आणि स्वतःच्या छपरासाठी धडपडणाऱ्यांच्या हातात मेणाचं छोटंसं घर. मुंबईच्या आसपास जागेसाठी आयुष्य घालवणाऱ्या कुटुंबाची प्रार्थना त्या मेणाच्या घराइतकी स्पष्ट दुसऱ्या कशात दिसणार? येताना खाजं आणि काळे चणे घेऊनच परतायचं.

मंगळूरच्या घरात हाच सण ‘मोंती फेस्त’ होतो. आधीचे नऊ दिवस मुलं परडीतून फुलं नेऊन बाळ मारियेवर उधळतात. आठव्या तारखेला चर्चमध्ये आशीर्वादित केलेली भाताची कणसं घरी येतात, नव्या दाण्यांचे तांदूळ दुधात घालून सगळे एकत्र खातात, आणि त्या दिवशीचं जेवण शाकाहारी असतं. परगावी असलेल्या मुलाला ते दाणे पाकिटात घालून टपालानं पाठवण्याची जुनी रीत आहे. जेवणाला नसलेला माणूसही पंगतीत मोजायचा, असा त्याचा अर्थ. केरळच्या सिरो-मलबार घरात एक ते आठ सप्टेंबर हे आठ दिवसांचं व्रत असतं, ‘एट्टु नोंबु’. मासे-मांस वर्ज्य आणि संध्याकाळी प्रार्थना. या पंथाच्या कॅथलिकांसाठी १९८८ साली कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि २०२५ साली त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. तमिळ घर २९ ऑगस्टला वेलांकनीच्या ध्वजारोहणापासून दिवस मोजतं. ज्यांना तिकडे जाणं जमत नाही ते उत्तनच्या किनाऱ्यावरच्या वेलांकनी मातेकडे जातात. अहिल्यानगरकडची मराठी मंडळी श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेची वाट धरतात. तिथे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून पायी चालत येणारे भाविक असतात.

शब्दही पाहावेत. बांद्र्याच्या मातेचं पोर्तुगीज नाव डोंगरावरून पडलेलं; ‘मोंते’ म्हणजे डोंगर. मंगळूरचं ‘मोंती’ त्याच शब्दातून आलं आणि आपल्या ‘मतमाउली’तलं ‘मत’ही बहुधा त्यातूनच. पुढे जोडलेला ‘माउली’ हा शब्द मात्र इथल्या मातीचा. ज्ञानेश्वरांना आणि विठाईला ज्या शब्दानं हाक घातली जाते, त्याच शब्दानं कोळी आणि शेतकरी बायकांनी मारियेला हाक मारली. याला कुणी घाईनं ‘मिश्रण’ म्हणेल. मला त्यात भाषेचा साधा प्रामाणिकपणा दिसतो. आईला हाक मारायला मराठी माणसाजवळ जो सर्वांत मऊ शब्द होता, तो त्यानं वापरला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण कॅथलिक नसलेल्या वाचकाची पहिली शंका तीच असते. कॅथलिक शिकवणीत आराधना केवळ देवाची. संतांचा आदर करायचा आणि त्यांना मध्यस्थीची विनंती करायची. मारियेचा आदर सर्व संतांहून अधिक, पण तोही आराधना नव्हे. प्रतिमांचा मान राखण्याबाबतचा हा भेद ७८७ सालच्या नायसियाच्या दुसऱ्या परिषदेत मांडला गेला. घरातली आजी हे शब्द वापरत नाही, पण तिला फरक ठाऊक असतो. ‘माउलीला सांगितलंय, ती तिच्या मुलाला सांगेल,’ असं ती म्हणते तेव्हा परिषदेतला तोच भेद ती नात्यांच्या भाषेत सांगत असते. अभ्यासकानं तिच्या वाक्याला पुस्तकातल्या व्याख्येइतकंच वजन द्यावं.

चर्चनंही घराचं हे स्थान ओळखलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली लोकभाषेत उपासनेची वाट मोकळी केली आणि १९६४ साली कुटुंबाला ‘घरातलं चर्च’ म्हटलं. १९६९ साली दिनदर्शिकेची फेररचना झाली. काही सणांच्या तारखा बदलल्या. मारियेनं एलिझाबेथला दिलेल्या भेटीचा सण दोन जुलैवरून ३१ मे रोजी आला. १९७४ साली पोप सहावे पॉल यांनी मारियाभक्तीवर पत्र लिहिलं आणि कुटुंबात जपमाळ म्हणण्याचा आग्रह धरला. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जपमाळेत चिंतनासाठी ‘प्रकाशाची पाच रहस्यं’ घातली. या बदलांचं घरात काय झालं? जुनं प्रार्थनापुस्तक वापरणाऱ्या आजीनं नवी रहस्यं गुरुवारी म्हणायला कधी सुरुवात केली? घरातल्या कुणी जुनी तारीख सोडायला नकार दिला का? रोमहून निघालेला बदल डोंबिवलीच्या दिवाणखान्यात पोचायला किती वर्षं लागतात, हे अजून कुणी मोजलेलं नाही.

माहीमच्या नोव्हेनाची, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेची, गोष्ट याला जोडून वाचावी. ८ सप्टेंबर १९४८ रोजी तिथे नित्य साहाय्यक मातेची नोव्हेना सुरू झाली. बुधवार ठरला, नऊ बुधवारांचा संकल्प रूढ झाला, आणि हळूहळू सर्व धर्मांची माणसं त्या रांगेत आली. ठाणे-कल्याणच्या बायकांसाठी बुधवार म्हणजे कामावरून सुटून दादरला गाडी बदलण्याचा दिवस झाला. उपनगरी रेल्वेच्या वेळापत्रकानं एका भक्तीला आकार दिला, असं म्हणायला हरकत नाही. गर्दीच्या डब्यात बोटांवर मोजत म्हटलेली जपमाळ हीसुद्धा घराबाहेर पडलेली घरची प्रार्थनाच.

काही तारखांवर इथल्या आयुष्याचे थर बसले आहेत, आणि तेही आपल्या अभ्यासात येतात. एक मे हा १९५५ पासून श्रमिक योसेफाचा सण. १९६० पासून तो महाराष्ट्र दिनही झाला. वागळे इस्टेटमधल्या कामगाराच्या घरी त्या दिवशी सुतार संत, कामगार दिन आणि राज्याचा झेंडा एकाच सकाळी येतात. १५ ऑगस्टला मारियेचं स्वर्गोन्नयन आणि स्वातंत्र्यदिन. २४ जून संत योहान बाप्तिस्ताचा. गोव्यात तरणी मुलं फुलांचे मुकुट घालून भरल्या विहिरीत उड्या मारतात, आणि ठाण्यात त्याच सुमारास पाऊस स्थिरावलेला असतो. २६ जुलै हा येशूच्या आजीआजोबांचा, संत ॲन आणि संत योआकिम यांचा दिवस. २००५ सालापासून कल्याण-ठाण्यातल्या माणसांना ही तारीख महापुराशिवाय आठवत नाही. आजीआजोबांच्या सणाच्या दिवशी पाण्यात अडकलेल्या नातवंडांची वाट पाहिलेल्या घरांत हा सण आता कसा पाळला जातो, हे हळुवारपणे विचारण्यासारखं आहे. आणि ऑक्टोबरचा पहिला रविवार, आगेरा : ईस्ट इंडियनांचा सुगीचा सण. भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करतात आणि घरी आणतात. शेतं इमारतींखाली गेली तरी सण राहिला आहे. शेतकरी नसलेल्या घरात भाताची लोंबी कशाची आठवण करून देते, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

आता साधनांविषयी. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथल्या ख्रिस्ती लोकांचं तपशीलवार वर्णन आहे. ते बाहेरच्या नजरेचं आहे, हे ध्यानात ठेवून वाचावं. एल्सी बाप्तिस्ता यांचं ईस्ट इंडियन समाजावरचं १९६७ सालचं पुस्तक अजूनही पायाभूत आहे. मराठीत ‘निरोप्या’ आणि वसईतून निघणारं ‘सुवार्ता’ यांचे जुने अंक ही खाणच आहे. ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारे आणि उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षं ‘सुवार्ता’चं संपादन केलं. मराठी साहित्यात ख्रिस्ती घराला हक्काचा कोपरा मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. गोव्याविषयी रोवेना रॉबिन्सन यांचा १९९८ सालचा आणि अलेक्झांडर हेन यांचा २०१४ सालचा ग्रंथ सीमेपलीकडचं चित्र दाखवतात. दूरचं उदाहरण हवं असेल तर रॉबर्ट ऑर्सी यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या इटालियन स्थलांतरितांच्या मारिया-उत्सवावर १९८५ साली लिहिलेलं पुस्तक वाचावं. त्या लोकांच्या धर्माचं केंद्र घर होतं, रस्त्यावरची मिरवणूकसुद्धा घरातल्या सुखदुःखांची होती, असं ऑर्सी दाखवतात. ते वाचताना मला वारंवार डोंबिवली आठवली.

पण आपली खरी कागदपत्रं कपाटात आहेत. पहिल्या कम्युनियनचा फोटो, आजोबांच्या शवपेटीत ठेवली त्याच्या जोडीची जपमाळ, पानं सुटलेलं प्रार्थनापुस्तक आणि त्यात खुणेला ठेवलेली मृतांची स्मरणचित्रं, बाटली मसाल्याचं प्रमाण लिहिलेली वही, ‘फुगे’ नावाचा पदार्थ कधी तळायचा याची आठवण. घरातली वेदी तर पूर्ण ग्रंथच आहे. कुणी तिला आल्तार म्हणतं, कुणी ओरातोर. कोणती मूर्ती कोणी कुठून आणली, कोणत्या लग्नात कोणत्या सुनेबरोबर कोणता संत या घरात आला, हे त्या फळीवर क्रमानं मांडलेलं असतं. मंगळूरची मुलगी ईस्ट इंडियन घरात आली की आठ सप्टेंबरच्या ताटात दोन रीती शेजारी बसतात. हिंदू मुलगी कॅथलिक घरात आली किंवा उलट झालं, तर त्या फळीचं काय होतं? ही घरं आता थोडी नाहीत, आणि त्यांच्या शांत तडजोडींतून खूप शिकता येईल.

हे ज्ञान बहुतांशी बायकांच्या हाती आहे. वेदीपुढे मेणबत्ती कोण लावतं, तारीख कोण लक्षात ठेवतं, शेजारी ताट कोण पाठवतं, हे पाहिलं की पटतं. ऑक्टोबरमध्ये मारियेची मूर्ती घरोघर फिरते. एका घरी रात्रभर मुक्काम, दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या घरी. ती लिफ्टनं किंवा जिन्यानं जाते तेव्हा समोरच्या दारातली ब्राह्मण किंवा आगरी शेजारीण मोगऱ्याचा गजरा घेऊन उभी असते. हे दृश्य या शहरांत पाहायला मिळतं. त्याला ‘सलोखा’ असा मोठा शब्द लावण्याआधी तिथे उभं राहून पाहावं. गजरा कोणी आणला, कोणी मूर्तीला घातला, कोणी आधी हात धुतले, यात त्या दोन बायकांचं अनेक वर्षांचं नातं असतं.

म्हणून नव्या अभ्यासकाला थोडी विनंती. सणाच्या दिवशी पाहुणा म्हणून जाण्यापेक्षा आदल्या दिवशी जावं आणि लसूण सोलायला बसावं. सगळं तेव्हाच बोललं जातं. नवस ही माणसाची आणि देवाची गोष्ट आहे; सांगितला तर ऐकावा, लिहिण्याआधी परवानगी घ्यावी. एखादी रीत ‘मूळची हिंदू’ किंवा ‘मूळची पोर्तुगीज’ ठरवण्याची घाई करू नये. पाळणाऱ्याला ती आपली वाटते, हे पहिलं सत्य. जपमाळ चालू असेल तर वही बाजूला ठेवावी. विश्वास नसला तरी गप्प बसता येतं, आणि त्या शांततेत बसलेल्याला पुष्कळ कळतं.

अनुत्तरित प्रश्नही पुढे आहेत. मार्च २०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली तेव्हा मिस्सा टीव्हीच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर आली. दिवाणखाना खरोखर चर्च झाला. त्यानंतर कोणत्या घरांत जपमाळ टिकली? मुलगा कॅनडात, मुलगी दुबईत, आईबाप कल्याणला. रात्री व्हिडिओ कॉलवर तिन्ही घरं तीन देशांतून एक-एक दशक म्हणतात. वेळ कोणाच्या सोयीची ठरते, भाषा कोणती? आजी मराठीत म्हणते, नातू इंग्रजीत उत्तर देतो, आणि प्रार्थना पूर्ण होते. तिच्यानंतर तो कोणत्या भाषेत सुरुवात करेल? तिसरी दिनदर्शिका कुठे छापलेली नाही, म्हणून ती एका पिढीत पुसली जाऊ शकते. ही भीती खरी आहे, आणि हा अभ्यास आजच हाती घेण्याचं कारणही तेच.

सातशे वर्षांपूर्वी एका परक्या प्रवाशानं ठाण्यातली पंधरा घरं मोजली. त्यानं आत काय शिजत होतं, मुलांची नावं काय होती, संध्याकाळी कोण कोणती प्रार्थना म्हणत होतं, हे लिहून ठेवलं नाही. आज घरं हजारो आहेत, आणि आपण परके नाही. आपण त्यांच्याच मजल्यावर राहतो. सुरुवात साध्या प्रश्नानं करावी : तुमच्याकडे आठ सप्टेंबरला काय असतं? समोरची बाई आधी पदार्थ सांगेल, मग तो सासूबाईंनी कसा शिकवला ते सांगेल, मग सासूबाईंचं गाव, मग त्या गावचं चर्च, मग ज्या वर्षी सण झाला नाही त्या वर्षी घरातून कोण गेलं होतं ते. तिथे तिचा आवाज थोडा थांबेल. आपणही थांबावं. ती पुन्हा बोलू लागेल तेव्हा लिहायला घ्यावं.